‘देश बुडाला, ठेवी मोडा’: एका संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: कारखाने संपले, रुपया रसातळाला गेला, देश कर्जात बुडाला असून आपली श्रीलंका होणार, बँका आतून पोकळ आहेत, विकासकामे कागदावरच राहतात, तरुण लोकसंख्या हे ओझे ठरले आहे आणि देश म्हाताराही होतो आहे, तेव्हा ठेवी मोडा, सोने घ्या आणि मुलांना परदेशी धाडा. संदेशाखाली नाव नाही आणि त्यातल्या आकड्यांना वर्ष नाही. तरीही तो पुढे पाठवणारी माणसे शहाणीसुरती आहेत व त्यांची काळजी खोटी नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे इष्ट. भारतीय अर्थव्यवस्थेची दुखणी खरी आहेत, परंतु या संदेशाने बहुतेक ठिकाणी भलत्याच जागी बोट ठेवले आहे, असे माझे मत आहे.

कारखान्यांचा मुद्दा इथल्या माणसाला सर्वांत जवळचा, म्हणून त्याचा विचार आधी करू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, उभी राहिली. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायने, औषधे आणि अभियांत्रिकीचे कारखाने आले. त्यांतले अनेक बंद पडले, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि काही ठिकाणी कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इथला भोंगा थांबला म्हणून देशातले उत्पादन थांबले, असे होत नाही. इथली जमीन उत्पादनापेक्षा घरांसाठी अधिक मोलाची ठरल्यामुळे पुष्कळ उद्योग चाकण, तळोजा, सिल्वासा आणि गुजरातकडे सरकले. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार देशातील नोंदणीकृत कारखान्यांत काम करणाऱ्यांची संख्या २०१४-१५ मध्ये सुमारे १ कोटी ३९ लाख होती, ती २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी ९६ लाख झाली. संपलेल्या उद्योगाचा हा आलेख नव्हे.

वागळे इस्टेटमध्येही सगळे संपलेले नाही. माझ्या परिचयाच्या एका गाळ्यात आजही व्हॉल्व्हचे सुटे भाग तयार होतात. जिथे पूर्वी प्रत्येक लेथसमोर एक टर्नर उभा असे, तिथे आता एक ऑपरेटर संगणकाच्या आज्ञेने चालणारी दोन व्हीएमसी मशीन सांभाळतो आणि मधल्या वेळेत तयार नग मायक्रोमीटरने तपासून वेगळे ठेवतो. मालकाची तक्रार ऑर्डरी नाहीत अशी नसून, ड्रॉइंग वाचता येणारा मुलगा मिळत नाही अशी आहे, आणि त्याच गल्लीत पदवीधर मुले घरपोच सेवेच्या पिशव्या पाठीवर घेऊन फिरताना दिसतात.

संदेशाला खरोखर काही सांगायचे असते, तर ते इथे सांगता आले असते. ‘मेक इन इंडिया’ची घोषणा २०१४ साली झाली तेव्हा देशाच्या सकल उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते, तो अजून १७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. श्रमशक्ती पाहणीच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार काम करणाऱ्यांपैकी ४६.१ टक्के लोक अजून शेतीवर आहेत, आणि हे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, म्हणजे आपण काही काळ उलट्या दिशेने चाललो. ही गंभीर बाब आहे. मात्र तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. ज्या देशाचे जवळपास निम्मे हात कमी उत्पादकतेच्या कामात अडकले आहेत, त्याची वाढीची शक्यता संपलेली नसते, कारण शेतातला माणूस साध्याशा कारखान्यात वा गोदामात आला तरी देशाचे उत्पादन वाढते. तो आपोआप येत नाही, त्यासाठी शाळा, आयटीआय आणि शहरात परवडणारे घर लागते, हे ओघाने आलेच.

रुपयाबद्दल थोडक्यात. १९९१ च्या अवमूल्यनानंतर डॉलर २६ रुपयांच्या आसपास होता, आज तो ८५ च्याही पुढे गेला आहे. याच काळात भारताचे सकल उत्पन्न सुमारे २७० अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये सुमारे ३,९०० अब्ज डॉलरवर गेले. हा हिशेब डॉलरमधला असल्यामुळे रुपयाची घसरण त्यातून आधीच वजा झालेली आहे; म्हणजे रुपया घसरूनही अर्थव्यवस्था वाढली.

कर्जाच्या मुद्द्यावर श्रीलंकेची तुलना टिकत नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली, कारण देणे डॉलरमध्ये होते आणि डॉलर संपले होते. भारतात केंद्र व राज्यांचे मिळून कर्ज सकल उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या घरात असले, तरी ते बहुतांश रुपयातले आणि देशातल्याच बँका, विमा कंपन्या व भविष्य निर्वाह निधी यांच्याकडून घेतलेले आहे. सरकारी व खासगी मिळून एकूण परकीय कर्ज मार्च २०२५ अखेर सुमारे १९ टक्के होते. १९९१ साली दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरल्यामुळे आपण ४७ टन सोने परदेशात तारण ठेवले होते, तर सप्टेंबर २०२४ मध्ये चलनसाठ्याने ७०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. व्याजाचा बोजा मात्र जड आहे: २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील ५०.६५ लाख कोटी रुपयांपैकी १२.७६ लाख कोटी केवळ व्याजासाठी आहेत. तो पैसा शाळा-दवाखान्यांना मिळत नाही ही तक्रार रास्त आहे, पण ती दिवाळखोरी नव्हे.

बँका पोकळ असल्याचा दावा २०१८ साली केला असता, तर मी मान डोलावली असती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बँकांची थकीत कर्जे एकूण कर्जांच्या ११.२ टक्के होती. मार्च २०२५ मध्ये ती २.३ टक्क्यांवर आली. २०१६ ची दिवाळखोरी संहिता आणि ताळेबंदांची कठोर छाननी यांचा त्यात वाटा आहे, तसाच करदात्यांच्या पैशातून बँकांत नव्याने घातलेल्या भांडवलाचा आणि निर्लेखित केलेल्या, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकलेल्या, कर्जांचाही आहे. दुरुस्ती महाग पडली, परंतु झाली.

विकासकामे कागदावर राहतात, हे नवी मुंबईत राहून म्हणणे अंमळ धाडसाचे आहे. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू होऊन ती २०२३ मध्ये धावली, आणि विमानतळाच्या उद्घाटनाला ऑक्टोबर २०२५ उजाडला. विलंब लाजिरवाणा आहे, कामे मात्र उभी आहेत. १९८९ साली सुरू झालेल्या जेएनपीटी बंदराने २०२४-२५ मध्ये २० फुटी मापाने ७३ लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

लोकसंख्येबाबत संदेश दोन्हीकडून बोलतो: मुले फार झाली, आणि देश म्हातारा होतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशाचा प्रजननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) २.० आणि महाराष्ट्राचा १.७ होता, तेव्हा पहिली भीती जुनी झाली आहे. दुसरी खरी आहे, पण तिला वेळ आहे आणि त्या वेळात हाती असलेला मोठा साठा स्त्रियांच्या श्रमाचा आहे. त्यांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला; त्यातली बरीच वाढ घरच्या शेतीतल्या बिनपगारी कामाची आहे, म्हणून तिचा उत्सव करण्याचे कारण नाही.

राहिला सल्ला. मुलांना कुठे पाठवायचे हे ज्याने-त्याने ठरवावे. ठेवींपुरते सांगायचे, तर फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आणि आपण वापरतो ते बहुतेक सोने डॉलर मोजून बाहेरून आणतो, त्यामुळे हा संदेश वाचून लोकांनी खरोखरच ठेवी मोडून सोने घेतले, तर ज्या रुपयासाठी तो गळा काढतो त्याच्यावरचा ताण आणखी वाढेल.