घरात दुसरं कोणी आहे का?

अमरावतीच्या एका शेडवाल्याच्या ऑफिसात फोन केला होता. आमच्या दालमिलचं गोदाम गळतं, मृगाच्या आत छप्पर बदलायचं आहे, एवढंच सांगायचं होतं. पलीकडच्या मुलीनं एरिया विचारला, पत्रा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, की सिमेंटचा ते विचारलं, जाडी विचारली, दोन परलिनमधलं, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांमधलं, अंतर विचारलं, आणि मग अगदी मायेनं म्हणाली, "काका, घरात दुसरं कोणी आहे का? माहिती असलेलं?"

मी 52 वर्षांचा आहे. मिल चालवतो, एका पोरीचं लग्न करून दिलं, सोसायटीच्या निवडणुकीत पडलोसुद्धा आहे. मोठ्या माणसाला जे जे करावं लागतं ते सगळं झालंय. परलिनमधलं अंतर काय कोणी तोंडपाठ ठेवतं? तिनं तरी आपल्या ऑफिसच्या छपराकडं कधी मान वर करून पाहिलं असेल का? पण हे सगळं सुचलं फोन ठेवल्यावर. "सर बुधवारी अकराला स्वतः बोलतील, तोवर एवढं काढून ठेवा," म्हणून तिनं व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. खाली जोडलेले हात. तेच जास्त लागलं.

तर मिलमधल्या पोराच्या हाती टेपचं टोक देऊन मी गोदाम मोजायला लागलो, आणि काकाजी आले.

काकाजी म्हणजे आमचे माजी उपसरपंच. होते एकच टर्म, तीही अर्धी. पण ते 'माजी' त्यांनी इतकं जपलंय की सध्याच्या उपसरपंचाचं नाव गावात पटकन कोणाला आठवत नाही. रोज सकाळी मिलवर यायचं, तुरीच्या कट्ट्यावर बसायचं आणि खर्रा घोटायचा. पन्नी मांडीवर ठेवून तळहातानं घासत राहतात. आत सुपारी, तंबाखू आणि चुना एकजीव होत जातात. घोटण्याचा वेग वाढला की समजावं, काकाजींचं मत बनलं.

"काय करून रायला?"

"छप्पर मोजतोय, काकाजी. ठेकेदाराचा फोन येणार आहे."

"मंग खाली कायले मोजतं? छप्पर तं वर हाय."

हे त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं. गोदाम 60 बाय 50, म्हणजे जमिनीवर 3,000 चौरस फूट, 30 ब्रास. पण छपराला चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण आहे, शिवाय उतार. वरून मोजलं की तेच 35 ब्रास होतं. भाव फुटावर असतो, त्यामुळं फोनवर 30 सांगून खूश झालेल्या माणसाला बिलात पाच ब्रास जादा दिसतात आणि तो भांडायला उठतो. मी चूपचाप 35 लिहून घेतलं. पण काकाजी शहाण्या वाक्यावर थांबणाऱ्यांपैकी नाहीत.

"तुह्यानं फोनवर बोलनं होत नाई. सोसायटीच्या इलेक्शनात पाह्यलं न मी. चाल, मी ठेकेदार होतो. लाव फोन."

"काकाजी, तुम्ही समोरच तर..."

"लाव न बे!"

ते उठले, गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि खर्र्याची पन्नी कानाला लावली. मिलचा पोरगा टेप सोडून खाली बसला. मीही हात कानाला नेला. का नेला, ते विचारू नका.

"हॅलो, कोन?"

"मी दारव्ह्याच्या इकडून बोलतोय, गोदामाचं छप्पर..."

"साहेब मीटिंगमधी हायेत." काकाजींनी फोन ठेवला, वळून म्हणाले, "असंच रायते. पुन्हा लाव."

पुन्हा लावला. या वेळी साहेब होते.

"गोदाम गळतं," मी म्हणालो.

"गयते म्हंजे कुठी गयते? निऱ्या पान्यानं गयते का वाऱ्याच्या पान्यानं?"

आता काय सांगावं! हा माणूस उभ्या आयुष्यात घराच्या कौलावर चढलेला नाही, पण प्रश्न बिनतोड होता. सरळ पावसात गळत असेल तर स्क्रूची भोकं पाहायची. आमच्याकडं जुने जे-हुक, म्हणजे पत्रा धरणारे वाकडे आकडे, आहेत, त्यांचे डांबरी वायसर उन्हानं वाळून तडकले आहेत. आणि झोडप्यासोबतच गळत असेल तर पाणी पत्र्याच्या जोडातून किंवा वरच्या टोपणातून मागं चढतं. तिथं स्क्रू कितीही आवळा, फरक पडत नाही. मी पोराला लिहून घ्यायला सांगितलं.

"अन् हिवायात सकायी गयते का?"

"हिवाळ्यात पाऊस कुठं असतो, काकाजी?"

"काकाजी कोन? साहेब म्हन. पाऊस नाई तरी टिपकते का?"

"टिपकतं. जानेवारीत कट्टे ओले झाले होते."

"मंग थे गयनं नाई. थो पत्र्याचा घाम हाय. पत्रा बदलून थो जात नाई, हवा खेळाले पायजे."

मी थक्क. रात्री पत्रा गार पडतो, आतली दमट हवा त्याला खालून चिकटते आणि पहाटे थेंब धरते. फिरते पंखे बसवणाऱ्यानं एकदा हेच सांगितलं होतं, तेव्हा मला वाटलं पंखे खपवायला सांगतोय. आमचं हे संभाषण इथंच थांबलं असतं तर काकाजींचा मी जाहीर सत्कार केला असता.

"पत्रा कोनता पायजे?"

"रंगीत. 0.50 चा."

"कोटिंग धरून का सोडून?" हे त्यांना ठाऊक, कारण भाच्याच्या शेडमध्ये यावरूनच भांडण झालं होतं. 0.50 मिलिमीटर हे जस्त, रंग सगळं धरून असेल तर आतलं पोलाद 0.45 च्या आसपासच निघतं. "भाव कोनत्याचा रायते अन् गाडीतून कोनतं उतरते, थे इचारजो. आता मले सांग, पाह्यले याचं गाडीभाडं कोन देईन?"

"फोनवरच ठरवायचं?"

"अमरावतीवरून नेर, नेरवरून इकडं. डिझेल काय फुकट भेटते?"

"बरं, देऊ."

"जेवनाचं?"

"वरण-भात, पोळी, आलूची भाजी..."

"कोंबडा नाई?"

"काकाजी, पहिल्याच भेटीत कोंबडा?"

"ठेकेदार मानूस हाय. वरनावर पत्रा बसत नाई." घोटणं सुरू झालं, कानाला लावलेल्या अवस्थेतच. "अन् अर्धे पैसे आधी लागतीन."

"काम न बघता अर्धे नाही देणार."

"मंग राहू द्या. मले दुसऱ्या साइट हायेत."

"राहू द्या तर राहू द्या!" माझाही आवाज चढला होता. पत्रे तापले होते, आत भट्टी झाली होती, आणि अर्धे आधी मागणाऱ्यांचा मला खरोखर राग आहे.

काकाजींनी माझ्याकडं एकदा रोखून पाहिलं, फोन उघडला, त्यातला अर्धा तोंडात टाकला, आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

उरलेली यादी मी एकट्यानं पुरी केली. परलिन पाच-पाच फुटांवर. कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लोखंडी सांगाडे, गंजलेल्या नाहीत, दोन ठिकाणी वेल्डिंग सुटलंय. सगळ्याचे फोटो काढले. यादीत वानरांचा रकाना नव्हता, तो मी जोडला. आमच्या आईला पावसापेक्षा त्यांचीच धास्ती जास्त. चारच्या सुमारास टोळी चिंचेवरून गोदामावर उतरते. वाऱ्याच्या जोराचा हिशेब आयएस 875 या भारतीय मानकात आहे. तिथं नागपूरला सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. वारा पत्रा दाबत नाही, उचलतो, म्हणून कडेला आणि कोपऱ्याला स्क्रू जवळजवळ मारायचे, हेही इंजिनियर लोक सांगतात. पण पंधरा किलोचा हुप्प्या फांदीवरून रोज त्याच पत्र्यावर आदळतो, त्याचं कलम कोणी लिहिलेलं नाही. भोकं त्याच्यानं मोठी होतात आणि वॉरंटीवाला म्हणतो, ही नैसर्गिक आपत्ती.

वॉरंटीचं तर नावच काढू नये. छापील कागदावर असते ती रंगाची. छप्पर गळलं तर रंग शाबूत आहे ना, मग झालं! गळतीची, म्हणजे बसवण्याच्या कामाची हमी वेगळी लिहून घ्यावी लागते आणि ती मागितली की समोरचा असा बघतो जणू आपण त्याच्या खानदानावर गेलो. भाव सांगतात फक्त पत्र्याचा. टोपण वेगळं, पन्हाळ वेगळी, जुना माल उतरवणं वेगळं, वाहतूक वेगळी, वर 18 टक्के जीएसटी. आणि मागच्या बाजूच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, अस्बेस्टॉसचे. ते हातोड्यानं फोडले की जी धूळ उडते ती छातीत जाऊन बसते. ओले करून, अख्खे उतरवायचे असतात. त्यावर पाय पडला तर माणूस आरपार खाली येतो. इथं मात्र मजुराला ना पट्टा, ना तोंडाला फडकं. पडला तर विमा कोणाचा, हे विचारलं की एका ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर असतं: "आजपर्यंत कोणी पडलं नाही." हा प्रश्न मी यादीत सगळ्यात वर घेतलाय. त्या मुलीच्या यादीत तो नव्हताच.

आणि घाई आम्हालाच. वळचणीसकट छपराचा पसारा साधारण 320 चौरस मीटर. एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर 16,000 लिटर पाणी पडतं. आज मे महिन्यात एवढंच पाणी टँकरनं मागवलं तर तीन गाड्या लागतील, त्याही वशिल्यानं. तुरीच्या कट्ट्याला ओल लागली की घेणारा मीटर काढतो आणि भाव पाडतो. तेव्हा घरात माहिती असलेलं दुसरं कोणी आहे का, हे तो विचारत नाही. ज्याचं नुकसान तो एकटाच असतो.

संध्याकाळी पानठेल्यावर गेलो तर चार जण गप्प झाले. मग एकानं हळूच विचारलं, "भाऊ, ठेकेदारानं काम सोडलं म्हने तुमचं?"

"कोणत्या ठेकेदारानं?"

"अमरावतीच्या. पैशाची गोष्ट काढली तं तुम्ही चिडले म्हने. जेवाले बी धड इचारलं नाई."

पानवाल्यानं तर आपल्या साळ्याचा नंबरसुद्धा लिहून ठेवला होता. तो मांडवाचे पत्रे लावतो, अर्धे आधी घेत नाही म्हणाला.

घरी आलो तर काकाजींचा नातू निरोप घेऊन उभा. बुधवारी अकराला आजोबा येतात, फोन स्पीकरवर ठेवजो. अन् कोंबड्याचं काय ठरलं, ते इचारलं हाय.