बॉलपार्कात कोण जातंय?

सकाळची 8:12 ची फास्ट पकडायची, दादरला कोपरं खात उतरायचं, घामाघूम होऊन ऑफिस गाठायचं. आणि साहेब म्हणणार, "बॉलपार्क फिगर दे." अहो, अंदाजे आकडा म्हणा की! हा शब्द अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानातला. आम्ही शिवाजी पार्कात क्रिकेट खेळलेली माणसं. 'टच बेस' म्हणजे काय, तर नुसता फोन करायचा.

काल तर कहरच झाला. नव्या पोरीला प्रेझेंटेशनआधी साहेब म्हणाले, "ब्रेक अ लेग!" शब्दशः, पाय मोड! ती पांढरीफटक. नाटकवाल्यांच्या शुभेच्छा असतात गं त्या, हे मी तिला पॅन्ट्रीत चहा ओतताना सांगितलं.

मी मात्र मीटिंगमध्ये 'उंटावरचा शहाणा' म्हटलं, तर साहेब (आडनाव अस्सल मराठी हं) विचारतात, "कुठला उंट?"