हात दाखवून अवलक्षण

सर्किट बोर्ड चालत होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या भानगडीत नेमकी हीच गोष्ट हरवली.

खोलीतल्या हवेची आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र मी स्वतः सोल्डर करून बनवलं होतं. आकडा बरोबर येत होता. डोळ्यांना खुपत होता तो फक्त जोडांभोवतीचा पिवळट, चिकट थर. हा फ्लक्स. म्हणजे राळ आणि तिच्यात मिसळलेली जराशी आम्लं. धातूवरचा ऑक्साइड खाऊन ती सोल्डरला वाट करून देतात. काम झाल्यावर मात्र न उठणाऱ्या पाहुण्यासारखी तिथेच बसून राहतात.

फ्लक्सच्या बाटलीवर ‘नो-क्लीन’, म्हणजे पुसायची गरज नाही, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. मी ते आळशी माणसांना दिलेली सवलत समजून वाचलं.

कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जोडांवर फिरवली. पिवळं गेलं. दोन मिनिटांत अल्कोहोलही उडालं आणि बोर्डावर पांढरी पिठूळ साय धरली. पुन्हा पुसलं, साय आणखी पसरली. अल्कोहोल घाण विरघळवतं खरं, पण उडताना ती बरोबर घेऊन जात नाही. आधी चार जोडांपाशी असलेली घाण मी आता अख्ख्या बोर्डाला समान वाटून दिली होती. वर कापसाचे तंतू, ते वेगळेच.

यंत्र सुरू केलं. आर्द्रता ९४ टक्के. बाहेर कडक ऊन, खोलीत पंखा, आणि यंत्राच्या मते मी ढगात बसलो होतो. वैतागून त्याच्यावर ओरडलो तर आकडा ९७ झाला.

बोर्ड जोडण्याच्या कारखान्यात हयात घालवलेल्या मैत्रिणीला फोन लावला.

“नो-क्लीन होता ना? मग हात कशाला लावलास?”

“घाण दिसत होती.”

“ती घाण नव्हती, झाकण होतं!”

मग शिकवणी झाली. नीट तापलेल्या नो-क्लीन फ्लक्समध्ये उरलीसुरली आम्लं राळेच्या कवचात बंद होतात. मी अर्धवट पुसून कवच फोडलं आणि आतली मंडळी मोकळी सोडली. हवेतला ओलावा मिळाला की त्यांच्यातून बारीकसा प्रवाह गळू लागतो. माझा सेन्सर कोरड्या हवेत कित्येक मेगाओम रोध, म्हणजे प्रवाहाला जबर अडथळा, दाखवणारा, दमट हवेत रोध कमी करणारा. त्याच्या शेजारून प्रवाहाला चोरवाट मिळाली, की तो बिचारा पाऊसच सांगणार.

पूर्वी कारखाने बोर्ड सीएफसी-११३ या ओझोनचा थर विरवणाऱ्या द्रावकाने सर्रास धूत. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनपायी ते बंद होत गेलं, आणि न धुता चालणाऱ्या फ्लक्सचं महत्त्व वाढलं. म्हणजे जगाने करार करून जे धुणं टाळलं, ते मी कापसाच्या काडीने परत आणलं होतं.

“बरीच वर्षं बोर्डावर उरणाऱ्या घाणीची मर्यादा होती दर चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मिठाएवढी,” ती म्हणाली. “आता नुसत्या त्या आकड्यावर कुणी विसंबत नाही. पण तुझ्या घामट अंगठ्याचा विचार कर.”

मी अंगठा पाहिला. इतकी वर्षं तो मला निरुपद्रवी वाटत होता.

आता मधला मार्ग नव्हता. धुवायचं तर पूर्ण. सेन्सर आधी काढायचा, तो अल्कोहोलची अंघोळ सोसत नाही. बोर्ड तिरका धरून ताजं अल्कोहोल वरून सोडायचं, ब्रशने घासायचं, खाली ओघळलेलं टिपून घ्यायचं, तेच परत वापरायचं नाही. (जुना टूथब्रश घेऊ का, असं विचारलं. “त्यावरच्या पेस्टसकट?” असं उत्तर आलं.) खिडक्या उघड्या, सोल्डरिंग आयर्न बंद, कारण त्या वाफेला ठिणगीचं भारी आकर्षण. हातमोजे घालायचे, तेही पावडरवाले नकोत.

अर्धी बाटली संपली. बोर्ड असा लख्ख झाला की त्याच्याकडे बघून मलाच पारोसं वाटलं. वाळवला आणि शेवटी सेन्सर परत जोडला, अर्थातच फ्लक्स लावून. त्याच्या पायांशी दोन पिवळी वर्तुळं उमटली. हात शिवशिवले. कापसाच्या काड्यांचा डबा कपाटावर, हात पोहोचणार नाही इतका मागे ढकलला.

आर्द्रता ४१ टक्के.

बोर्ड उचलून उजेडात धरला, छानसा फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला. लगेच उत्तर आलं:

“छान. हातमोजे कुठे आहेत?”