रकाना क्रमांक सात : टिकण्याचा कालावधी

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत तीव्र सल्फ्युरिक आम्ल उघड्या फळीवर उभे असते आणि सिल्व्हर नायट्रेटची २५ ग्रॅमची बाटली मात्र लोखंडी कपाटात कुलूपबंद असते. भाजलेला हात ज्याचा त्याचा असतो. चांदी संस्थेची असते. त्या बाटलीत जवळजवळ १६ ग्रॅम शुद्ध चांदी असते, ही माहिती मी एकदा उत्साहाच्या भरात खरेदी समितीसमोर देऊन बसलो आणि तेव्हापासून मागणीपत्रात सातवा रकाना उगवला : ‘द्रावण टिकण्याचा कालावधी’. दर जूनमध्ये मी त्या रकान्यासमोर, आयुर्मान किती असे थेट विचारणाऱ्या यजमानापुढे ज्योतिषी बसावा, तसा बसतो.

पुस्तकी उत्तर सोपे आहे. तपकिरी काचेची धुतलेली बाटली, खरोखर शुद्ध असलेले डिस्टिल्ड वॉटर, काचेचेच बूच आणि अंधार एवढे जुळून आले, तर सिल्व्हर नायट्रेटचे पाण्यातले द्रावण महिनोन्महिने टिकते. छत्तीस गुण जुळणारी पत्रिका आमच्या तालुक्यात जितक्या वेळा सापडते, तितक्याच वेळा हा योग येतो. बाटली काळी पडली की सारेजण उजेडाला दोष देतात. उजेडाची ही बदनामी जुनी आहे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये दाखवून दिले होते की, सिल्व्हर क्लोराइड जांभळ्या प्रकाशात सर्वांत लवकर काळवंडते. पण ते क्लोराइड झाले. शुद्ध पाण्यातल्या निर्मळ नायट्रेटचे एकटा उजेड फारसे काही बिघडवत नाही. चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा धातू बनवणारे कोणीतरी बाटलीत असावे लागते : धूळ, रबरी बुचाचा अंश, बोटावरचे तेल. उजेड हा भांडणाला हवा देणारा शेजारी आहे. भांडायला घरात दुसरे माणूस लागतेच.

आमच्या घरातील ते दुसरे माणूस म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. सारे महाविद्यालय त्यांना मामा म्हणते. मामा अत्यंत प्रामाणिक आणि काटकसरी आहेत, आणि सिल्व्हर नायट्रेटला या दोन्ही गुणांपासून धोका आहे. विद्यार्थ्यांच्या पिपेटमध्ये उरलेले द्रावण ते जपून मूळ बाटलीत परत ओततात, कारण ‘सर, चांदी आहे ती.’ त्या थेंबांबरोबर तीस मुलांच्या बोटांचे संस्कारही बाटलीत जातात, आणि पाण्यासारखे नितळ द्रावण आधी चहाच्या धुवणासारखे आणि मग शाईसारखे दिसू लागते.

दोन वर्षांपूर्वी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाटलीतील द्रावण निम्म्यावर आले होते. कपाटाची किल्ली माझ्या खिशात आणि मी भाचीच्या साखरपुड्यात. मामांनी प्रसंगावधान राखून बाटली भरून ठेवली; डिस्टिल्ड वॉटर संपले होते, म्हणून कूपनलिकेच्या पाण्याने. आमच्या गावच्या कूपनलिकेत क्लोराइड इतके आहे की, चहालाही ते कळते. सिल्व्हर नायट्रेटला क्लोराइड भेटले की पांढरा साका पडतो; सकाळी बाटली उघडली तेव्हा आत ताक तयार होते. मला ते दिसण्यापूर्वी पहिल्या तुकडीने क्षार-विश्लेषण, म्हणजे दिलेला क्षार कोणता हे ओळखणे, सुरू केले होते, आणि वीसपैकी वीस मुलांना क्लोराइड सापडले. ज्यांना सल्फेट दिले होते त्यांना सापडले, ज्यांना नायट्रेट दिले होते त्यांनाही सापडले. दह्यासारखा पांढरा साका नायट्रिक आम्लात विरघळत नव्हता आणि अमोनियात विरघळत होता, म्हणजे पुष्टिपरीक्षाही चोख. बाह्य परीक्षक म्हणाले, ‘तुमच्याकडे कॉपी फारच पद्धतशीर चालते.’ बाटलीत आधीच क्लोराइड आहे हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी आजवर केवळ नापास मुलांकडे पाहिले होते.

याच द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड आणि अमोनिया घालून केलेले टॉलेन्सचे द्रव्य तर टिकवायचेच नसते. ताजे करावे, परीक्षानळीत चांदीचा आरसा पाडावा आणि उरलेले लगेच सौम्य आम्ल घालून फेकून द्यावे, कारण ते ठेवून दिले तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. हे मी मामांना सांगितले होते. तरीही एका रात्री जेवताना मला आठवले की, संध्याकाळी निघताना ते समाधानाने म्हणाले होते, ‘उरलेलं झाकून ठेवलंय, उद्या दुसऱ्या तुकडीला होईल.’ मी हातातला घास ताटात ठेवून स्कूटर काढली. पहारेकऱ्याला कारण सांगितले तेव्हा त्याने दार उघडून दिले आणि स्वतः फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

या साऱ्या देखभालीची पावती माझ्या बोटांवर असते. सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर पडते तेव्हा काहीच दिसत नाही. काही तासांनी, शक्यतो चारचौघांत, काळा डाग उमटतो आणि कातडी झडेपर्यंत साबणाला दाद देत नाही. म्हैसूरला तयार होणारी, १९६२ च्या निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लागणारी शाई याच गुणावर चालते. एका मतदानाच्या दिवशी केंद्रावर माझी डावी तर्जनी तपासली गेली, आणि मी अजून मत दिलेले नाही हे सिद्ध करण्यासाठी मला उरलेली नऊ बोटेही दाखवावी लागली.

यंदा मात्र सातव्या रकान्याचे खरे उत्तर मला सापडले आहे. एप्रिलअखेर भरून कपाटात ठेवलेली बाटली मी जूनमध्ये काढली. द्रावण नितळ होते. सोडिअम क्लोराइडच्या १० मिलिलिटरला एप्रिलमध्ये ते ९.८ मिलिलिटर लागले होते. जूनमध्ये, क्रिया पूर्ण झाल्याचे सांगणारी विटकरी छटा बरोबर ९.८ वरच आली, म्हणजे द्रावणाची ताकद जराही घटली नव्हती. मे महिन्याचे ऊन तेच होते, उकाडा तोच होता. फक्त विद्यार्थी, मामा आणि मी तेथे नव्हतो. ब्यूरेट बाजूला ठेवून मी तसाच मागणीपत्र भरायला बसलो आणि रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘संपूर्ण उन्हाळी सुट्टी, महाविद्यालय सुरू झाल्यास आठ दिवस.’

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. वर कार्यालयाचा शेरा होता : ‘नक्की दिवसांत लिहावे. तसेच अर्ज स्वच्छ असावा.’ मी दिला तेव्हा तो स्वच्छच होता. आता सातव्या रकान्यावर माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा, रेषा न् रेषा मोजता येईल इतका, काळाभोर उमटला होता.