बसायला जागा हवीय? मग 1853 ची गाडी पकडा

सकाळी आठच्या सुमारास ठाण्याला फास्ट लोकलमध्ये शिरू पाहणाऱ्यांनो, तुमचं बाकी सगळं बरोबर आहे, फक्त साल चुकलंय. ठाणे टर्मिनस होतं तेव्हा यायचं होतंत. 16 एप्रिल 1853 ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली. 21 तोफा झडल्या. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी 14 डबे आणि 400 पाहुणे ठाण्याला आणले. म्हणजे डब्याला तीसेक माणसं. (आज एवढी नुसती दारात असतात, आणि त्यांना पाहुणे कुणी म्हणत नाही.) 34 किलोमीटर झाले की पुढे रूळच नाहीत. गाडी इथेच रिकामी व्हायची, इथूनच भरायची. बसा की आरामात विंडोला.

तेव्हा गर्दीचं खापर आजच्या रेल्वेवर फोडू नका, 1 मे 1854 वर फोडा. त्या दिवशी खाडी ओलांडून गाडी कल्याणला गेली आणि आपलं वर्षभराचं टर्मिनसपण संपलं. ‘ठाण्याहूनही स्लो सुटते की’ असं कुणी म्हणालं, तर त्याला लेटमार्क म्हणजे काय ते ठाऊक नाही असं समजा. ‘देशातली पहिली प्रवासी रेल्वे आमच्याकडे आली’ हे मात्र जरूर सांगत जा. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून सांगितलं की जास्त पटतं.

फारच वाईट वाटलं तर कुलाब्याकडे बघा. बीबीसीआय रेल्वेचं (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं) ऐटदार टर्मिनस होतं तिथे. 1928 च्या जानेवारीत विजेच्या गाड्या आल्या, आणि 1930 संपता संपता स्टेशनच बंद! बॅकबेच्या भरावाच्या योजनेत रूळ नको झाले होते, मुंबई सेंट्रल त्याच डिसेंबरात सुरू झालं होतं. आता त्या जागेवर बधवार पार्क, रेल्वेच्या साहेबलोकांची वसाहत. आपलं स्टेशन निदान जागेवर आहे. आपल्याला त्यात जागा नाही, एवढंच.

हा इतिहास कल्याणकरासमोर काढायचा असेल तर विचार करून काढा. 1855 मध्ये रूळ वासिंदला गेले आणि त्याचंही टर्मिनस गेलं, पण आपल्यापेक्षा काही महिने जास्त टिकलं होतं, हे तो ऐकवल्याशिवाय राहणार नाही. वाद घाटकोपरपर्यंत सहज पुरतो. तो तावातावाने उठून उभा राहिला, की लगेच बसून घ्या.