काळा पडलेला रुपया घासू नका हो

दसरा झाला की माझ्या इनबॉक्समध्ये राणीछाप रुपयांचे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचे, फोटो यायला लागतात. खाली प्रश्न ठरलेला, "दादा, हा काळा पडलाय, कशानं साफ करू?" यंदा पाच आले. त्यातल्या एकानं तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो पाठवले, कौतुकानं. नंतरच्या फोटोत रुपया नव्या वाटीसारखा लखलखत होता. मी फक्त "अरेरे" लिहिलं. त्याला राग आला असावा.

म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पुढच्या वर्षी लिंक चिकटवायला बरी.

चांदीवर येतं ते मळ नाही आणि लोखंडासारखा गंजही नाही. हवेत गंधकाची संयुगं असतात, कागदात असतात, पुठ्ठ्यात असतात, रबरबँडमध्ये तर असतातच. ती चांदीशी जुळली की वर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. सुरुवातीला हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका, म्हणून त्यावरून प्रकाश परतताना रंग दिसतात. पाण्यावर सांडलेल्या रॉकेलवर दिसतात ना, तसेच. थर वाढत जातो तसा आधी फिका सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि फार जाड झाला की काळा. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घासल्यावर जातं काय? टाकसाळीत ठसा आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे पसरतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की चमकेचा एक पट्टा गोल फिरतो, तो या रेषांमुळे. टूथपेस्टनं दोन मिनिटं घासलंत की रेषा गेल्या. उरते ती भांड्याची चमक. आणि केमिकलमध्ये बुडवून काढलंत तर तो थर एकटा जात नाही. सल्फाइडमध्ये अडकलेली चांदीही त्याच्याबरोबर जाते, कारण ती नाण्याचीच होती.

आमच्याकडे पूजेचे तीन रुपये आहेत. आजी दर लक्ष्मीपूजनाला ते रिठ्याच्या पाण्यात भिजवून रांगोळीनं घासायची, मग पंचामृत, मग हळदकुंकू. तिन्ही १८६२ चे. (सालावर जाऊ नका, १८७४ पर्यंत टाकसाळ तेच साल ठोकत होती.) आज त्या तिन्हींवर राणीला नाक नाही, वेणी नाही, मुकुटाच्या जागी नुसता उंचवटा. चौथा ट्रंकेच्या तळाशी जुन्या कागदात गुंडाळलेला राहून गेला होता, कुणाच्या लक्षातच नव्हता. त्यावर राणीच्या झग्याची वेलबुट्टी मोजता येते. कडेनं निळसर वलय, आत जांभळं, चेहऱ्यावर अजून मधासारखा रंग. पावणेबारा ग्रॅमला थोडा कमी, ९१.७ टक्के चांदी, चारही एकाच वजनाचे निघाले होते. आता एकच भरतो.

अमेरिकेत या रंगांचं वेड फार. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले त्यांचे मॉर्गन डॉलर हजार-हजारांच्या कापडी पोत्यांत सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षं पडून होते. १९६० नंतरच्या काही वर्षांत ती पोती फुटली. ज्या नाण्याचा गाल पोत्याला टेकलेला होता त्याच्यावर इंद्रधनुष्य, काहींवर तर कापडाची वीणसुद्धा उमटलेली. अशा एकेकाला साध्याच्या कित्येक पट भाव मिळतो.

आणि भाव आला की भामटे आलेच. मीही फसलोय. एका प्रदर्शनात पंचम जॉर्जचा रुपया घेतला, मोरपंखी. साध्याच्या चौपट पैसे मोजले. घरी भिंगाखाली धरला तर राजाच्या गालावर एक जुना ओरखडा, आणि रंग त्या ओरखड्याच्या आतसुद्धा तितकाच गडद. म्हणजे आधी नाणं खरवडलं, मग रंग चढला. शिवाय सोनेरी नाहीच, पांढऱ्यावरून एकदम निळा. तो क्रम आठवा. उकडलेल्या गरम अंड्याबरोबर डब्यात बंद केलं तरी असले रंग एका रात्रीत चढतात. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, नेचर आहे, नेचरचं काय सांगता येतंय!" पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्या. त्यांना असा रंग संशयास्पद वाटला तर त्या नेहमीचा ग्रेड देत नाहीत, पण आपल्याकडे साधा रुपया तिकडे पाठवतो कोण.

माझं मत विचाराल तर रंगासाठी जादा पैसे मोजूच नका. नाण्यासाठी मोजा, रंग आला तर तुमचं नशीब. आणि प्रत्येक काळेपणाचं कौतुकही नको. दाट, कोळशासारखा काळा थर पृष्ठभाग खातो. प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटात नाण्यावर हिरवट चिकट येतं, ते पीव्हीसीचं आहे. ते मात्र शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढायचं, न घासता. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात बाकी बरंच काही असतं.

पूजेचं काय, असं काकूनं विचारलंच. पूजेचे तीन आहेतच, म्हटलं, त्यांना खुशाल रांगोळी लाव, आता त्यांचं जायचं काही राहिलं नाही. चौथा माझ्या कपाटात आहे. काकू म्हणाली, "दाखव तरी." दाखवला. तिनं पदराचं टोक पुढे केलंच होतं.