टॅक्स हॉलिडे बंद करा, निदान मोठ्या कंपन्यांचा तरी

विकसनशील देशांनी बड्या परदेशी कंपन्यांना दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची करमाफी देणं आता थांबवायला हवं. मी परकीय गुंतवणुकीच्या विरोधात अजिबात नाही, उलट ती यावी, टिकावी आणि तिच्यातून त्या त्या देशातल्या माणसांच्या हाताला चांगलं काम मिळावं असं मनापासून वाटतं म्हणूनच हे लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी करमाफीचंच घेते, कारण तिथे गेल्या दोन-तीन वर्षांत सगळा हिशोबच बदललाय आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाहीये. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी मिळून ठरवलं की ज्या बहुराष्ट्रीय कंपनीची वर्षाची उलाढाल ७५ कोटी युरोच्या वर आहे तिने प्रत्येक देशातल्या नफ्यावर किमान १५ टक्के कर भरलाच पाहिजे. आता समजा कारखाना व्हिएतनाममध्ये आहे, मूळ कंपनी कोरियाची आहे आणि व्हिएतनामने सवलत देऊन तिच्याकडून फक्त ५ टक्के घेतले, तर उरलेले १० टक्के कंपनीला वाचत नाहीत, ते कोरियाचं सरकार वसूल करू शकतं. कोरियाने हा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागूही केला, युरोपियन युनियननेही त्याच सुमाराला. म्हणजे गरीब देशाने पोटाला चिमटा काढून जो कर सोडला तो कंपनीच्या खिशातही राहत नाही, थेट श्रीमंत देशाच्या तिजोरीत जातो! कारखान्यातले पगार आणि यंत्रसामग्री यांच्यावर थोडी सूट आहे, सुरुवातीला पगाराच्या १० टक्के आणि मालमत्तेच्या ८ टक्के इतका नफा या हिशोबातून वगळता येतो आणि हे प्रमाण दरवर्षी कमी होत होत ५ टक्क्यांवर येणार, त्यामुळे सगळीच सवलत वाया जाते असं नाही, पण मोठा भाग जातो. अमेरिकेने आपल्या कंपन्यांना यातून बाहेर ठेवा असा हट्ट धरला आणि जून २०२५ मध्ये जी-सेव्हन देशांनी ते मान्य केलं, त्यामुळे चित्र अजून गुंतागुंतीचं झालंय. तरी कोरिया, युरोप इथल्या कंपन्यांसाठी हिशोब वर सांगितला तसाच आहे.

बरं, कर सोडल्यामुळे कंपन्या येतात हे तरी कितपत खरं? जागतिक बँकेने बऱ्याच देशांत गुंतवणूकदारांनाच विचारलं होतं की ही सवलत नसती तर तुम्ही आला असता का. रवांडा, युगांडा, टांझानियात नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की हो, तरीही आलो असतो. नव्वद टक्के! एखाद्या सरकारला हे कळल्यावर झोप कशी लागते कळत नाही मला, कारण तो सोडलेला पैसा म्हणजे शाळा, दवाखाने, बंदरापर्यंतचा रस्ता, अखंड वीज, आणि गंमत बघा, कंपन्या जागा निवडताना नेमकं हेच विचारतात. राजकीय स्थैर्य आहे का, कायदे दर वर्षी बदलतात का, बाजारपेठ केवढी, वीज जाते का, इंजिनिअर आणि टेक्निशियन मिळतात का, माल बंदरातून किती दिवसांत सुटतो. कराचा नंबर यादीत असतो, पण बराच खाली.

मग सरकारं सवलती का देतात? कारण त्यांना आकडा हवा असतो. करार झाला, फोटो निघाला, इतके हजार कोटी आले अशी हेडलाईन झाली की संपलं. पण सामंजस्य करारातला आकडा वेगळा, सरकारी मंजुरीतला वेगळा आणि बँकेतून खरोखर आलेला वेगळा, आणि त्या शेवटच्या आकड्यातही काय काय मिसळलेलं असतं ते बघायला हवं. परदेशी गुंतवणूकदाराकडे मतदानाचा हक्क असलेले १० टक्के किंवा जास्त शेअर्स आले की ती थेट परकीय गुंतवणूक धरतात. त्यात नवा कारखानाही येतो, चालू कंपनी विकत घेणंही येतं, इथे कमावलेला नफा परत इथेच ठेवला तर तोही येतो आणि मूळ कंपनीने आपल्याच उपकंपनीला दिलेलं कर्जही येतं. म्हणजे आकडा वाढला आणि एकही नवी नोकरी आली नाही असं सहज होऊ शकतं.

२०२४ चं उदाहरण घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकासाचं काम बघणाऱ्या अंकटाड या संस्थेच्या अहवालात आफ्रिकेतली परकीय गुंतवणूक एका वर्षात ७५ टक्क्यांनी वाढून ९,७०० कोटी डॉलर झाली. वाचून वाटेल की अख्ख्या खंडाचं नशीब उघडलं. प्रत्यक्षात त्यातला प्रचंड मोठा वाटा एका सौद्याचा होता, इजिप्तच्या भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचा रास अल-हिक्मा नावाचा प्रकल्प, अबुधाबीच्या सरकारी फंडाने केलेला, ३,५०० कोटी डॉलरचा. आणि त्या ३,५०० मधले १,१०० कोटी म्हणजे अबुधाबी ज्यात येतं त्या संयुक्त अरब अमिरातीच्या, इजिप्तच्या केंद्रीय बँकेत आधीपासूनच पडून असलेल्या ठेवी, त्या फक्त गुंतवणूक म्हणून वळवल्या. इजिप्त तेव्हा डॉलरसाठी तडफडत होता, त्याला ते पैसे हवेच होते, त्यावर माझा आक्षेप नाही. पण त्या एका सौद्यावरून मलावीत किंवा बुर्किना फासोत काय चाललंय याबद्दल काडीचंही कळत नाही. त्याच वर्षी सगळ्या विकसनशील देशांचा मिळून आकडा ८६,७०० कोटी डॉलरच्या आसपास जिथल्या तिथे राहिला.

आणि जागतिक आकड्याचं तर बोलायलाच नको. नाणेनिधीच्या २०१९ च्या एका लेखात अंदाज होता की जगातल्या एकूण परकीय गुंतवणुकीपैकी जवळजवळ ४० टक्के, म्हणजे १५ लाख कोटी डॉलर, नुसत्या कागदी कंपन्यांमधून फिरणारा पैसा आहे. सहा लाख लोकवस्तीच्या लक्झेंबर्गमध्ये ४ लाख कोटी डॉलरची गुंतवणूक "आलेली" दिसते. तिथे काही इतके कारखाने नाहीत.

म्हणून मला कुणी विचारलं की अमुक देशात गुंतवणूक चांगली चाललीय का, तर मी एकच बघते: त्या परदेशी कारखान्याला माल पुरवणारे स्थानिक व्हेंडर किती तयार झाले आणि तिथे काम शिकलेली माणसं पुढे कुठे गेली.

मलेशियातलं पेनांग याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण. १९६९ च्या सुमाराला तिथे बेकारी भयंकर होती, मुक्त बंदराचा दर्जा काढून घेतल्यामुळे व्यापार बसला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री लिम चोंग यू यांनी १९७२ मध्ये बायान लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र काढलं आणि स्वतः हिंडून इंटेल, एएमडी, हिताची, बॉश अशा कंपन्या आणल्या. करसवलत त्यांनीही दिली होती, ते लपवायचं कारण नाही. पण बाकीच्या अनेक ठिकाणी गोष्ट तिथेच संपते, पेनांगमध्ये ती तिथून सुरू झाली. सुरुवातीला कारखान्यात फक्त चिप जोडायचं काम, बहुतेक तरुण मुली, पगार कमी. हळूहळू कंपन्यांनी जिग, फिक्स्चर, मोल्ड (म्हणजे भाग पकडून ठेवायची साधनं, साचे) असली कामं जवळपासच्या छोट्या वर्कशॉपना द्यायला सुरुवात केली. ड्रॉइंग द्यायचं, पहिला पीस तपासायचा, नापास करायचा, परत करून आणायला लावायचं, असं करत करत त्या वर्कशॉपवाल्यांचा हात बसला आणि पुढे त्यांच्यातलेच काही जण ऑटोमेशनची मशिनं बनवायला लागले. इंटेलमध्ये काम केलेल्या लोकांनी बाहेर पडून ग्लोबट्रॉनिक्ससारख्या स्वतःच्या कंपन्या काढल्या. आणि १९८९ मध्ये पेनांग स्किल्स डेव्हलपमेंट सेंटर निघालं, जे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एरवी एकमेकांचे कामगार पळवणाऱ्या कंपन्या एका छताखाली आल्या, जागा राज्य सरकारने दिली, मशिनं कंपन्यांनी दिली आणि काय शिकवायचं हेही कंपन्यांनीच ठरवलं, त्यामुळे मुलगा कोर्स करून बाहेर पडला की त्याला मशीन नवीन नसायचं. पन्नास वर्षं झाली, कंपन्या अजून तिथे आहेत. करमाफी कधीच संपली असती तरी त्या राहिल्या असत्या, कारण आता सोडून जायचं तर अख्खी पुरवठा साखळी मागे टाकून जावं लागेल.

कोस्टारिकाचंही असंच. छोटासा देश, १९९६ मध्ये इंटेलने तो निवडला तेव्हा ब्राझील, मेक्सिको असे मोठे देश शर्यतीत होते. सिंदे नावाची त्यांची गुंतवणूक आणणारी छोटी संस्था, १९८२ पासूनची, तिने इंटेलच्या एकेका प्रश्नाचं उत्तर शोधून दिलं, टेक्निकल कॉलेजचे अभ्यासक्रम बदलून घेतले. मग २०१४ मध्ये इंटेलने जोडणी आणि टेस्टिंगचं काम आशियाला हलवलं, सुमारे १५०० नोकऱ्या गेल्या. एखाद्या देशाचं कंबरडं मोडलं असतं, पण तोपर्यंत तिथे इंजिनिअर होते, इंग्रजी बोलणारे टेक्निशियन होते, क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत, कसं काम करायचं हे माहीत असलेली माणसं होती, आणि हृदयाच्या झडपा, कॅथेटर अशी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्याच भरवशावर येत गेल्या. आज त्या देशाची सगळ्यात मोठी निर्यात हीच आहे.

याच्या उलट इथिओपिया. २०१६ मध्ये तिथल्या हवासा शहरात चकाचक इंडस्ट्रियल पार्क उघडलं, तयार शेड, आणि पगार? २०१९ च्या एका पाहणीत मूळ पगार महिन्याला २६ डॉलर, म्हणजे जगात सगळ्यात कमी असलेल्यांपैकी. कपडे शिवायचे, कापड बाहेरून आणायचं, माल अमेरिकेला पाठवायचा आणि तोही एका अमेरिकी कायद्याने दिलेल्या शुल्कमाफीच्या जोरावर. इथिओपियाच्याच उत्तरेकडच्या टिग्रेमध्ये युद्ध पेटलं, अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून ती शुल्कमाफी काढून घेतली आणि पार्कातली सगळ्यात महत्त्वाची कंपनी, पीव्हीएच ही अमेरिकी कपडे कंपनी, त्याच्या आधीच नोव्हेंबरमध्ये निघून गेली. तिथे शिवणकाम करणाऱ्या मुलींचा यात काय दोष होता सांगा. गावाकडून आल्या होत्या, भाड्याच्या एका खोलीत चार-चार जणी राहून काम शिकत होत्या.

आणि कधीकधी परदेशी भांडवल फारसं नसतानाही सगळ्यात मोठा फायदा होतो. बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या शेवटी देश गारमेंट्स नावाच्या नव्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. देवूने मालकी घेतली नाही, पण देश गारमेंट्सच्या सव्वाशेच्या वर माणसांना कोरियात नेऊन सहा महिने शिकवलं. कापड कसं कापायचं, लाइन कशी लावायची, क्वालिटी कशी तपासायची, परदेशी ग्राहकाशी कसं बोलायचं. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी नोकरी सोडली आणि स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. २०२४ मध्ये कपड्यांच्या निर्यातीत तो उद्योग चीनच्या खालोखाल होता. त्या उद्योगात कामगारांचे जे हाल झाले तेही मी विसरत नाही, पण शिकलेलं काम पसरतं कसं हे याहून चांगलं कुठे दिसत नाही.

अजून एक गोष्ट, जी सवलतींच्या गोंगाटात कुणी वाचत नाही, ती म्हणजे करारातली लवादाची कलमं, म्हणजे वाद झाला तर देशाच्या कोर्टाऐवजी आंतरराष्ट्रीय पंचांपुढे जायची सोय. पाकिस्तानात बलुचिस्तानमधल्या रेको डिक या सोन्या-तांब्याच्या खाणीचा करार १९९३ चा. २०११ मध्ये परदेशी कंपनीला खाणीचा परवाना नाकारला, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने करारच रद्द ठरवला, आणि जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने पाकिस्तानला ५८० कोटी डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला सांगितलं. त्याच महिन्यात नाणेनिधीने पाकिस्तानला ६०० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं, आणि तेही सव्वातीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारं. शेवटी २०२२ मध्ये तडजोड झाली, पण सही करताना ज्यांनी कलमं नीट वाचली नाहीत त्यांचं काय बिघडलं? बिघडलं ते करदात्यांचं.

मग करायचं काय, तर मला तरी व्हिएतनामचा मार्ग निदान विचार करण्याजोगा वाटतो. तिथे सॅमसंगसारख्या कंपन्यांनी सवलतींच्या जोरावर अवाढव्य कारखाने उभे केले, देशाच्या निर्यातीत परदेशी कंपन्यांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला, पण स्थानिक व्हेंडर फार कमी आणि तेही बऱ्याचदा पॅकेजिंगसारख्या साध्या कामात. १५ टक्क्यांचा नियम आल्यावर त्यांनी जानेवारी २०२४ पासून फरकाचा कर स्वतःच घ्यायला सुरुवात केली, दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊ दिला नाही, आणि त्यानंतर गुंतवणूक सहाय्य निधी काढला, म्हणजे संशोधन, प्रशिक्षण, हायटेक उत्पादन यावर खर्च केला तर पैसे परत. कर माफ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण आधी काम दाखवावं लागतं. पण यात एक मोठी भीती आहे. हा निधी त्याच चार-पाच बड्या कंपन्यांनी खाल्ला तर करमाफीच दुसऱ्या दाराने परत आली असं होईल. म्हणून यातला मोठा हिस्सा, माझ्या मते निम्मा तरी, कंपनीने स्थानिक पुरवठादाराला शिकवलं, त्याच्याकडून माल घेतला, त्याचा दर्जा वाढवला यासाठीच मिळायला हवा, आणि कुणाला किती मिळाला, त्या बदल्यात कोणकोणते व्हेंडर उभे राहिले, याची यादी दर वर्षी कंपनीच्या नावासकट छापली पाहिजे. हे कंपन्यांना आवडणार नाही, बंद खोलीत वाटाघाटी करायची सवय लागलेल्या अधिकाऱ्यांना तर मुळीच नाही, पण पैसा लोकांचा आहे.